मालकाची खुर्ची : फिलाडेल्फिया फ्लायर्सचे चाहते आणि त्यांची कंपनी

(दृश्य : ब्रॉड स्ट्रीट लाइन मेट्रो. सामन्याची संध्याकाळ. डबा जर्सीवाल्यांनी भरलेला.)

दक्षिण फिलाडेल्फियातलं शेवटचं स्टेशन जवळ येतं, तसा हा डबा नारिंगी होत जातो. पाठीवरचे नंबर बघा. १६ म्हणजे बॉबी क्लार्क. १ म्हणजे गोलकीपर बर्नी पॅरंट. ८८ एरिक लिंड्रॉसचा, २८ क्लॉड जिरूचा. क्लार्क आणि पॅरंट खेळत होते, तेव्हा यातल्या कित्येकांचा जन्मही झाला नव्हता. जर्सी वडिलांची, तिकीटही बऱ्याचदा वडिलांच्याच नावावर सुरू झालेलं.

फ्लायर्स हा बर्फावरच्या हॉकीचा संघ. उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगमधला, म्हणजे एनएचएलमधला. आणि या संघाची मालक आहे एक कंपनी : कॉमकास्ट स्पेक्टॅकोर.

एरवी खेळाडू गेला की चाहते हळहळतात, प्रशिक्षक गेला की वाद घालतात. मालक कंपनीचा सीईओ बदलला, तर त्याचं नावही फारसं कुणाला ठाऊक नसतं. फिलाडेल्फियात ते ठाऊक असतं. रेडिओवर त्याच्यावर चर्चा झडते, बारमध्ये त्याच्यावरून भांडणं होतात. असं का होतं, हे समजून घ्यायला १९६६-६७ पर्यंत मागे जावं लागतं.

(दृश्य : जुनी कृष्णधवल चित्रफीत. स्पेक्ट्रम स्टेडियमची उभारणी.)

एड स्नायडर. वॉशिंग्टनमधल्या किराणा व्यावसायिकाचा मुलगा. फिलाडेल्फियात आले ते ईगल्स या अमेरिकन फुटबॉल संघाचं काम बघायला. हॉकीचं वेड लागलं, त्याची गोष्ट ते स्वतः सांगायचे. बॉस्टनमध्ये बास्केटबॉलचा सामना बघून बाहेर पडताना त्यांना तिकीट खिडकीवर भली मोठी रांग दिसली. चौकशी केली तर कळलं, रांग ब्रुइन्सच्या हॉकी सामन्यासाठी आहे. ब्रुइन्स तेव्हा गुणतक्त्यात तळाला होते. तळाच्या संघासाठी लोक रांगा लावतात, तर या खेळात नक्की काहीतरी आहे, हे त्यांनी हेरलं.

१९६७ साली एनएचएलने सहा संघांचे बारा केले. एका नव्या संघाची प्रवेश फी होती २० लाख डॉलर. हॉकीशी ज्याचं फारसं नातं नव्हतं अशा शहरात स्नायडर यांनी भागीदारांना घेऊन हा डाव लावला.

(दृश्य : वाऱ्याने उखडलेलं छप्पर. मार्च १९६८.)

हे दृश्य नीट बघा. १ मार्च १९६८. स्पेक्ट्रम उघडून सहा महिनेही झाले नव्हते, आणि वाऱ्याने छपराचा मोठा तुकडा उडवून नेला. संघाला घर राहिलं नाही. मग ‘घरचे’ सामने खेळले गेले न्यूयॉर्कला, टोरांटोला आणि कॅनडातल्या क्वेबेक सिटीत. त्याही अवस्थेत फ्लायर्स आपल्या गटात पहिले आले. पुढे मूळ भागीदार आर्थिक गाळात गेला, तेव्हा स्टेडियमचा कारभारही स्नायडर यांनी हाती घेतला. म्हणजे संघ त्यांचा, छप्पर त्यांचं, आणि छप्पर गळलं तर जाब विचारायचा तोही त्यांनाच.

(दृश्य : १९ मे १९७४. बॉस्टनविरुद्धचा सहावा सामना. शिट्टी. पॅरंट हात उंचावतो.)

एक-शून्य. रिक मॅक्लीशचा एकमेव गोल. १९६७पासून लीगमध्ये आलेल्या नव्या संघांपैकी स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकणारा पहिला संघ. दुसऱ्या दिवशीच्या मिरवणुकीत वीस लाख माणसं रस्त्यावर उतरली, असं तेव्हा छापून आलं. आकडा कुणी मोजला होता, हे विचारू नका. विजेच्या खांबांवर चढलेली माणसं मोजा.

(चार सेकंद निवेदन नाही. मिरवणुकीचा मूळ आवाज.)

१९७५ला पुन्हा कप. मारामाऱ्या करणारा, दांडगट, ‘ब्रॉड स्ट्रीट बुलीज’ म्हणून बदनाम झालेला संघ. बाकी देश नाकं मुरडायचा, म्हणूनच शहर त्याच्यावर जीव टाकायचं. जानेवारी १९७६मध्ये सोव्हिएत लष्कराचा संघ इथे खेळायला आला, एका जबर धडकेनंतर रागावून बर्फ सोडून आत निघून गेला. परत या, नाहीतर पैसे मिळणार नाहीत, असा निरोप आत गेला, हा किस्सा इथे आजही सांगतात. संघ परत आला आणि ४-१ ने हरला.

मालक म्हणजे कोण, याचं चित्र या चाहत्यांच्या डोक्यात तेव्हा पक्कं झालं. तो सामन्याला हजर असतो. हरलं की त्याचा चेहरा पडतो. पंचांवर तो त्यांच्याइतकाच चिडतो. आणि खर्चाला मागे-पुढे बघत नाही. ऐंशीच्या दशकात डब्ल्यूआयपी हे रेडिओ स्टेशन स्नायडर यांच्याच स्पेक्टॅकोर कंपनीने घेतलं आणि ते खेळाच्या गप्पांकडे वळलं. ज्या रेडिओवर चाहते फोन करून मालकाला शिव्या घालत, तो रेडिओ काही वर्षं मालकाचाच होता.

(दृश्य : १९९६. नव्या स्टेडियमचं उद्घाटन. व्यासपीठावर कॉमकास्टची मंडळी.)

१९९६मध्ये कॉमकास्ट आली. केबलच्या धंद्यातली कंपनी, मुख्यालय याच शहरात. तिला खेळ हवे होते, कारण खेळ दाखवले की केबल खपते. मोठा हिस्सा कॉमकास्टचा, पण कारभार स्नायडर यांचाच, अशी ती मांडणी. कागदोपत्री मालकी तेव्हाच हलली होती. चाहत्यांना ते जाणवलं नाही, कारण खुर्चीतला माणूस तोच होता.

त्या माणसाचेही दोष होते, आणि इथले जाणते चाहते ते लपवत नाहीत. स्नायडर यांना वाट बघणं जमायचं नाही. दरवर्षी यंदाच जिंकायचं, म्हणून तरुण खेळाडू विकून नावाजलेले आणायचे. २००५पर्यंत ते पैशाच्या जोरावर निभावलं. मग लीगने सॅलरी कॅप आणली. सगळ्या संघांना खेळाडूंच्या पगारावर एकच कमाल मर्यादा. त्या दिवसापासून श्रीमंत मालक हा फायदा राहिला नाही. शहाणा मालक हवा होता. १९७५नंतर फ्लायर्सने एकही कप जिंकलेला नाही. २०१०मध्ये अंतिम फेरी गाठली आणि शिकागोकडून हरले.

(दृश्य : ११ एप्रिल २०१६. स्टेडियमबाहेर फुलं, जर्सी, हॉकीच्या काठ्या.)

११ एप्रिल २०१६ला स्नायडर गेले. वय ८३. दोनच दिवसांपूर्वी संघाने प्लेऑफमधली, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांमधली, जागा पक्की केली होती.

आता हा प्रसंग. १८ एप्रिल, वॉशिंग्टनविरुद्ध घरचा पहिला प्लेऑफ सामना. प्रत्येक खुर्चीवर एक मनगटी पट्टा ठेवला होता, स्नायडर यांना आदरांजली म्हणून. दिवे मालवले की हजारो मनगटं एकदम उजळावीत, अशी कल्पना. तशी ती उजळली. बघा.

(दृश्य : अंधारलेलं स्टेडियम, हजारो ठिपके.)

आणि हे शेवटच्या सत्रातलं. संघ हरतोय, आपल्याच खेळाडूने एकाला मागून जोरात धडक देऊन पाडलंय, आणि तेच पट्टे आता वरच्या गॅलरीतून बर्फावर पडतायत. पांढऱ्या बर्फावर विखुरलेले पट्टे, ते गोळा करायला वाकलेली माणसं. १९७२पासून इथे निवेदन करणारे लू नोलन माइकवरून प्रेक्षकांना झापतात. पट्टे थांबत नाहीत, म्हणून पंच फ्लायर्सलाच दंड देतात. सामना ६-१ ने गेला. दुसऱ्या दिवशी देशभरच्या वाहिन्यांनी या प्रेक्षकांना गावंढळ ठरवलं.

वागणं चूकच होतं. पण जे त्या रात्री आधी मूक उभे राहिले आणि नंतर भडकले, ती माणसं एकच होती, हे त्या वाहिन्यांनी दाखवलं नाही. म्हणून आम्ही दोन्ही दृश्यं लागोपाठ ठेवली आहेत.

त्याच वर्षी कॉमकास्टने स्नायडर कुटुंबाचा उरलेला हिस्साही घेतला. आता संघ पूर्णपणे कंपनीचा झाला.

(दृश्य : कॉमकास्टचे दोन काचेचे मनोरे, ड्रोनमधून. मग दूर दक्षिणेला स्टेडियम.)

शहरातल्या सगळ्यात उंच दोन इमारती याच कंपनीच्या. तिथून स्टेडियम दिसतं. स्टेडियममधून त्या इमारतीतला माणूस दिसत नाही, ही चाहत्यांची तक्रार.

स्पेक्टॅकोरची सूत्रं डेव्ह स्कॉट यांच्याकडे आली. केबल उद्योगात मुरलेला माणूस, हॉकीतला नव्हे. २०१८मध्ये जनरल मॅनेजर, म्हणजे खेळाडू निवडून संघ बांधणारे, रॉन हेक्स्टॉल यांना काढलं. हेक्स्टॉल हळूहळू तरुण संघ बांधत होते, वरच्यांना घाई होती. त्यांच्या जागी चक फ्लेचर आले. त्याच वर्षी ग्रिटी हा नारिंगी, केसाळ, बटबटीत डोळ्यांचा शुभंकर आला. पहिल्या दिवशी लोक हादरले, आठवडाभरात त्याच्या प्रेमात पडले. कंपनीचा एवढा एक निर्णय लोकांनी बिनशर्त स्वीकारला.

(दृश्य : जानेवारी २०२२. पत्रकार परिषद.)

मग हा दिवस आला. संघ सलग १३ सामने हरलेला, संघाच्या इतिहासातली सर्वांत लांब पराभवमालिका. स्कॉट पत्रकारांसमोर बसले आणि म्हणाले की, फ्लेचर यांना आपण कोरा चेक दिलेला आहे.

फोनवर फोन सुरू झाले. या प्रतिक्रियेला नुसता संताप म्हणणं अन्यायाचं आहे. त्यात खेळाची जाण होती. त्या हंगामात पगाराची मर्यादा होती ८ कोटी १५ लाख डॉलर, बत्तीसही संघांना सारखीच. कोरा चेक वटवायचा कुठे? मर्यादेबाहेर खर्च करताच येत नाही, हे गॅलरीतल्या माणसाला कळत होतं. आदल्या उन्हाळ्यातले सौदेही त्यांना तोंडपाठ होते. रायन एलिस आणला, तो चार सामने खेळून जायबंदी झाला तो झालाच. रास्मुस रिस्टोलायनेनसाठी ड्राफ्टमधली, म्हणजे नवे तरुण खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेऱ्यांमधली, पहिल्या फेरीची निवड देऊन टाकली.

मार्चमध्ये कर्णधार जिरू हजारावा सामना खेळून फ्लोरिडाला गेला. जुलैमध्ये शेजारच्या दक्षिण न्यू जर्सीत वाढलेला, लहानपणी फ्लायर्सचा चाहता असलेला जॉनी गॉड्रो बाजारात मोकळा होता. तो कोलंबसला गेला. फ्लायर्सकडे त्याला बसवायला मर्यादेत जागाच उरली नव्हती.

त्यानंतर चाहत्यांनी सर्वांत मोठी गोष्ट केली : ते आले नाहीत.

(दृश्य : सामना सुरू असताना रिकाम्या रांगा. काठीचा आणि पकचा, म्हणजे हॉकीच्या रबरी चकतीचा, आवाज स्पष्ट.)

इथे एके काळी सीझन तिकिटासाठी नाव नोंदवून ताटकळावं लागे. आता बर्फावरचे खेळाडू एकमेकांना हाका मारतात, ते वरपर्यंत ऐकू येतं.

(दृश्य : २०२३. डॅन हिलफर्टी प्रवेशद्वाराशी लोकांशी बोलताना.)

फेब्रुवारी २०२३मध्ये डॅन हिलफर्टी यांची नेमणूक जाहीर झाली. आधी आरोग्य विमा कंपनीचे प्रमुख, फुटबॉल विश्वचषकाचे सामने शहरात आणण्याच्या मोहिमेचे पुढारी. हॉकीचे तेही नव्हेत. पण ते इथल्या मातीतले. पहिली प्रतिक्रिया सावध होती : आणखी एक सूटवाला आला. दुसरी महिन्याभरात आली. १० मार्चला फ्लेचर यांना निरोप मिळाला. त्यांच्याकडे असलेली दोन पदं वेगळी करण्यात आली. जनरल मॅनेजर झाले डॅनी ब्रिएर. मे महिन्यात हॉकी विभागाचे अध्यक्षपद कीथ जोन्स यांना मिळालं.

या दोन नावांवर शहर दुभंगलं. ब्रिएर म्हणजे २०१०च्या प्लेऑफमध्ये २३ सामन्यांत ३० गुण (गोल आणि गोलसाठीचे पास मिळून) करणारा माणूस. जोन्स यांचा आवाज तर टीव्हीवरून आणि सकाळच्या रेडिओवरून घराघरांत पोचलेला. एका गटाला आनंद झाला, की आपल्याला ओळखणारी माणसं आली. दुसरा गट म्हणाला, पुन्हा जुनेच फ्लायर्स. व्यवस्थापनात एक दिवसही न काढलेल्या माणसाला थेट अध्यक्ष कसं करता? हा प्रश्न रास्त होता आणि तो हिलफर्टी यांना तोंडावर विचारला गेला, हे मला महत्त्वाचं वाटतं. संघ नव्याने बांधायचा आहे, वेळ लागेल, हे ब्रिएर यांनी उघड सांगितलं. वर्षानुवर्षं लोक एवढंच ऐकायला थांबले होते. हरण्याची तयारी त्यांची आधीपासून होती, थाप खाण्याची नव्हती.

(दृश्य : ११ जानेवारी २०२५. कटर गोतिएला पक मिळताच हुर्यो.)

फिलाडेल्फियात खेळायला नकार देऊन ॲनाहाइमला गेलेला हा तरुण खेळाडू परत आला, त्या रात्रीचा हा आवाज. पकला त्याची काठी लागली की हुर्यो, सुटला की शांतता. सामनाभर. बऱ्याच काळाने हे स्टेडियम असं एकदिलाने ओरडत होतं.

निकालांचं थोडक्यात : २०२४ला प्लेऑफ थोडक्यात हुकलं, २०२५ला ७६ गुणांसह गटात तळ, प्रशिक्षक टोर्टोरेला गेले, रिक टॉकेट आले. २०१८नंतर २०२५पर्यंत या प्रेक्षकांना घरच्या बर्फावर प्लेऑफचा एकही सामना मिळाला नाही.

(दृश्य : जानेवारी २०२५. हस्तांदोलन. नव्या स्टेडियमची घोषणा.)

त्याच महिन्यात कॉमकास्ट स्पेक्टॅकोर आणि बास्केटबॉलच्या सिक्सर्स संघाचे मालक एकत्र आले. दक्षिण फिलाडेल्फियातच दोघांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीत नवं स्टेडियम. म्हणजे यापुढे फ्लायर्सच्या घरात निर्णय घेणारे दोन असतील. चाहत्यांनी पहिला प्रश्न विचारला तो वास्तुरचनेचा नव्हताच. तिकिटाचा दर, वरची गॅलरी आणि जुन्या सीझन तिकीटवाल्यांची जागा, याबद्दल शब्द कोण देणार?

तो शब्द हिलफर्टी यांनी द्यावा, लेखी द्यावा, आणि पाया खणण्याआधी द्यावा. मेट्रोतून येणाऱ्या या माणसांचे प्रतिनिधी आराखड्याच्या बैठकीत बसवावेत. छप्पर उडालं तेव्हा ते थांबले होते.