चिठ्ठी नव्हती, तरी निरोप पोचला

नमस्कार मंडळी! श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत जिथे कुठे रेडिओ चालू असेल तिथल्या सगळ्यांना नमस्कार. आज बोलायचंय लष्कराची निरोप्यागिरी करणाऱ्या कबुतरांबद्दल.

फेब्रुवारी १९४२, महायुद्ध चालू होतं. ब्रिटिशांचं एक बॉम्बर विमान नॉर्वेकडून परत येताना नॉर्थ सीमध्ये कोसळलं, चौघेजण गारठलेल्या समुद्रात आणि वायरलेसवरून नेमकी जागा काही कळवता आली नाही. विमानात विंकी नावाची एक कबुतरी होती, ती सुटली आणि तेलाने माखलेल्या पंखांनी जवळपास १९० किलोमीटर उडत स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर डंडीजवळ आपल्या ढाबळीत, म्हणजे कबुतरांच्या खुराड्यात, येऊन पोचली, अगदी दमून गेलेली. पायाला चिठ्ठी नाहीच! मालकाने लगेच हवाई दलाला कळवलं. मग तिथल्या लोकांनी काय केलं, तर विमान पडलं कधी, कबुतर पोचलं कधी, वारा कुठला होता, तेलकट पंखांमुळे वेग किती कमी झाला असेल, असा सगळा हिशेब मांडला आणि जागा काढली. चौघेही वाचले. आपल्याकडच्या मच्छीमार होड्या चालवणाऱ्या तांडेलांना या हिशेबाची किंमत वेगळी सांगायला नको. १९४३ मध्ये विंकीला डिकिन मेडल मिळालं, युद्धात कामगिरी केलेल्या प्राण्यांना देतात ते.

कबुतर कुठेही पाठवा म्हटलं तर जात नाही हं, ते फक्त आपल्या घरी परत येतं. म्हणून मागच्या तळावर ढाबळ ठेवायची, तिथली कबुतरं टोपलीत घालून आघाडीवर न्यायची आणि गरज पडली की पातळ कागदावर मजकूर लिहून, पायाच्या छोट्या नळीत घालून सोडून द्यायची. सूर्य आणि पृथ्वीचं चुंबकत्व यांचा त्यांना दिशेसाठी उपयोग होतो. १९१६ला, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या व्हर्दूंच्या लढाईत वो नावाच्या किल्ल्यातल्या फ्रेंच सैनिकांनी निरोप धाडला तोही त्यांच्याकडे उरलेल्या एकुलत्या एका कबुतराबरोबर.

आणि हे सगळं परदेशातच झालं असं नाही. ओडिशा पोलिसांनी १९४६ मध्ये लष्कराकडून कबुतरं घेऊन कोरापुटला अशी सेवा सुरू केली, १९८२च्या पुरात कटकजवळच्या बांकीला आणि १९९९च्या महाचक्रीवादळात बाकी सगळं बंद पडलं तेव्हा याच पक्ष्यांनी निरोप नेले. पुढे सेवा बंद केली, फोन आले म्हणून.

पण ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आपल्याकडे काय झालं आठवतंय ना? दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, विजेचे खांब आडवे, मोबाईल बंद, मुंबईतल्या चाकरमान्यांना गावच्या घराचं काय झालं ते कळेना. अशा वेळी तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याला चार ओळी पोचल्या असत्या तरी केवढा आधार झाला असता. आपल्या किनाऱ्यावर एखाद-दोन ढाबळी उभ्या करून बघायला हव्यात असं मला अगदी मनापासून वाटतं, खर्च फार नाही, दाणापाणी आणि रोज नेमाने उडवायला एक हौशी माणूस. तुमच्या गावात कोणी कबुतरं पाळत असेल तर त्यांच्याशी बोला, आणि आम्हालाही जरूर कळवा.