परतीची गाडी

[दृश्य : पहाट. जळगाव जामोदकडून येणारा रस्ता, दोन्ही बाजूंना कपाशी. फाट्यावर उभी चार-पाच माणसं.]

किडन्या थांबल्या की मशीनने रक्त साफ करून घ्यावं लागतं, ते डायलिसिस. आठवड्यातून दोनदा डायलिसिस म्हणजे वर्षाला 104 वेळा मशीनवर. जाणं-येणं धरलं तर 208 फेऱ्या. केंद्र गावापासून 50 किलोमीटरवर असेल, तर वर्षाचा प्रवास 10,400 किलोमीटर. डॉक्टरांनी आठवड्यातून तीनदा सांगितलं असेल, तर 15,600. हे सगळं अंतर आजारी माणूस कापतो, आणि बहुतेक वेळा एसटीने किंवा काळीपिवळीने.

हा बुलढाणा जिल्ह्याचा उत्तरेकडचा भाग. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरला आहे. इथल्या विहिरी-बोअरचं पाणी खारट, आणि या गावांतून किडनीच्या आजाराच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत आहेत. पाण्याबद्दल बरंच बोललं गेलं, अजूनही बोललं गेलं पाहिजे. आम्ही मात्र त्याच्या पुढची गोष्ट घेतली आहे. ज्याच्या किडन्या थांबल्या, तो माणूस मशीनपर्यंत पोचतो कसा? आणि तिथून घरी परत कसा येतो?

[दृश्य : डायलिसिस केंद्र. वजनकाटा. हातावर टेप लावलेली सुई.]

मशीनवर साधारण चार तास जातात. त्याआधी वजन, बीपी, सुया. त्यानंतर सुया काढून जागा दाबून धरायची, रक्त थांबेपर्यंत. सकाळची पाळी संपली की दुपारची लागते. त्यामुळे गाडी चुकून पेशंट तासभर उशिरा पोचला, तर तो तास त्याच्याच डायलिसिसमधून कापला जातो. त्याच्या मागे दुसरा पेशंट थांबलेला असतो, त्याचीही कुठली तरी गाडी असते.

आणि फेरी पूर्णच चुकली तर? सोमवार-गुरुवार असलेल्या पेशंटचा गुरुवार हुकला, की सोमवार ते सोमवार, आख्खा आठवडा रक्त साफ होत नाही. अंगात पाणी साठतं, पायांवर सूज चढते, आडवं झालं की दम लागतो. पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि ते फारशी सूचना न देता बिघडतात. अमेरिकेतल्या हजारो पेशंटचा एक अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्यांमध्येही दोन दिवसांच्या खंडानंतर मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. तिथे दोन दिवसांची ही गत, तर आपल्याकडे चुकलेल्या एका गाडीने आठवडाभराचा खंड पडतो.

[दृश्य : केंद्राबाहेरचा बाक. भिंतीला टेकून बसलेले एक काका, शेजारी पिशवी घेतलेल्या काकू.]

जाताना माणूस कसाही जातो. खरा प्रश्न परतीचा असतो.

चार तासांत शरीरातून दोन-तीन लिटर पाणी काढलेलं असतं. बीपी उतरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, पायात गोळे येतात. मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून औषध दिलेलं असतं, त्यामुळे सुईची जागा पुन्हा वाहायला लागू शकते. अशा अवस्थेत बसस्थानकापर्यंत ऑटो करायचा, फलाटावर गाडीची वाट पाहायची आणि गाडी आली की गर्दीत घुसायचं. ज्या हातावर फिस्टुला, म्हणजे सुया टोचण्यासाठी ऑपरेशनने जोडून घेतलेली रक्तवाहिनी आहे, त्या हाताने जड उचलायचं नाही, त्यावर दाब येऊ द्यायचा नाही. उभ्याने प्रवास करताना एका हाताने दांडा धरायचा आणि दुसरा हात गर्दीपासून वाचवायचा, हे निरोगी माणसालासुद्धा जमायचं नाही. पुढच्या माणसाला काय माहीत, शर्टाच्या बाहीखाली काय आहे ते!

“सुई काढली का अंगात जीवच राहत नाही जी,” बाकावरचे काका म्हणतात. काकू त्यांना एक घोट पाणी देतात आणि बाटली परत पिशवीत ठेवतात. पाणीही मोजून प्यायचं असतं.

उपचार आता बऱ्याच जणांना मोफत मिळतात, हे नीट सांगितलं पाहिजे. 2016 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून डायलिसिस होतं. एसटीच्या सवलतींच्या यादीत डायलिसिसच्या पेशंटला साध्या गाडीत पूर्ण तिकीट माफ आहे. मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे सोबत येणाऱ्या बायकोचा किंवा लेकीचा खर्चही अर्ध्यावर आला. या सवलती खूप मोलाच्या आहेत. पण तिकीट माफ असलं, तरी गाडी वेळेवर हवी. त्या वेळेला त्या फाट्यावर गाडीच नसेल, तर सवलतीचं कार्ड खिशातच राहतं.

108 ची अँब्युलन्स राज्यात 2014 पासून धावते. ती तातडीच्या पेशंटसाठी आहे. 102 ची गाडी प्रामुख्याने गरोदर बाया आणि तान्ह्या बाळांसाठी. सोमवारी आणि गुरुवारी, दर आठवड्याला, वर्षानुवर्षे ठरलेल्या वेळी जाणारा माणूस या दोन्हींत बसत नाही. त्याची गरज तर आधीच माहीत असते, वारासकट. म्हणूनच त्याच्या गाडीची सोय लावणं सगळ्यांत सोपं असायला हवं होतं.

[दृश्य : बंद बसस्थानकाची जुनी छायाचित्रं. पाण्याखाली गेलेला रस्ता.]

2021 च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला एसटीचा संप 2022 च्या एप्रिलपर्यंत चालला. कामगारांच्या मागण्या त्यांच्या जागी होत्याच. पण त्या काळात गावाकडच्या पेशंटला खासगी गाडीशिवाय इलाज उरला नाही, आणि आठवड्यातून दोनदा अख्खी गाडी करणं शेतमजुराच्या घराला झेपत नाही. जुलै 2023 मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद भागात अतिवृष्टी झाली. नाल्याला पूर आला की गाव तुटतं. तेव्हा पेशंटला आदल्या दिवशीच केंद्राच्या गावी हलवायचं, की पाणी उतरायची वाट पाहायची, हे घरच्यांनी अंदाजाने ठरवायचं असतं.

[दृश्य : सात-आठ सीटची गाडी. चालक फोनवर.]

मग काय जमू शकतं? एकाच रस्त्यावरच्या चार-पाच गावांत मिळून पाच-सहा पेशंट असतात. अडचण अशी, की एकाचा नंबर सोमवारी सकाळी, दुसऱ्याचा मंगळवारी दुपारी. केंद्राने या सगळ्यांना एकाच दिवशी, एकाच पाळीत बसवलं, तर एकच गाडी सगळ्यांना नेते आणि आणते. खर्च वाटला जातो. चार तास चालक तिथेच थांबतो, म्हणून परतीला फलाटावर उभं राहावं लागत नाही. हे काम पैशाचं कमी, वहीचं जास्त आहे. पाळ्या लावणाऱ्या सिस्टरने वहीत पेशंटच्या नावापुढे गावही लिहिलं, तर निम्मं काम तिथेच होतं. नवा पेशंट आला की मशीन कधी मोकळं आहे यासोबत त्याच्या रस्त्याची गाडी कोणत्या वारी जाते, हेही पाहायचं.

गाडी ठरवताना चालकाशी काही गोष्टी आधीच बोलाव्या लागतात. पेशंट फाट्यावर येणार नाही, गाडी घरापर्यंत जाईल. मशीनवर कुणाचं बीपी उतरलं आणि अर्धा तास जास्त लागला, तरी त्याला सोडून निघायचं नाही. गाडीत स्वच्छ कापूस-पट्टी ठेवायची. सुईच्या जागेतून रक्त आलं तर बोटाने दाबून धरायचं आणि थांबलं नाही तर गाडी केंद्राकडे वळवायची. पैसे महिन्याला द्यायचे की फेरीला, हेही आधीच ठरलेलं बरं, कारण मधे एखादा पेशंट दवाखान्यात भरती झाला की बाकीच्यांचा वाटा वाढतो आणि तिथेच गट मोडतो. ही गळती भरून काढायला ग्रामपंचायत, गणेश मंडळ किंवा गावाबाहेर नोकरीला गेलेली मुलं पुढे आली, तर गट टिकतो.

जिथे पेशंट एक-दोनच आहेत, तिथे एसटीच लागते. अशा वेळी डेपो व्यवस्थापकाकडे लेखी अर्ज करावा. “गाडी वेळेवर सोडा” एवढंच लिहून भागत नाही. कोणत्या वारी, कोणत्या थांब्यावरून, कितीच्या पाळीला पोचायचं आहे आणि पाळी किती वाजता सुटते, हे त्यात लिहावं. सोबत केंद्राच्या डॉक्टरांचं सही-शिक्क्याचं पत्र जोडावं. परतीची फेरी वीस मिनिटं पुढे ढकलली तरी एखाद्या पेशंटची संध्याकाळ बसस्थानकावर जात नाही. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी, आणि वाहकाला पुढची सीट मागायला संकोच करू नये. शाळेच्या सुट्ट्यांत आणि पावसाळ्यात फेऱ्या बदलतात, म्हणून हा अर्ज त्या-त्या वेळी पुन्हा द्यावा लागतो.