सीमाभागातली पुस्तकांची देवघेव

(दृश्य : बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका घराची गच्ची. सतरंजीवर पंधरा-वीस पुस्तकं, बाजूला चहा.)

“छान आहे, वाच.” याहून निरुपयोगी शिफारस नाही. बेळगावात, खानापुरात, निपाणीत जिथं चार वाचणारी माणसं आपसांत पुस्तकं फिरवतात, तिथं हे वाक्य फार दिवस टिकत नाही. पुस्तक घरी जातं, दहा पानांनंतर उशाशी पडून राहतं आणि तीन महिन्यांनी न वाचताच परत येतं. लागू पडणारी शिफारस वेगळी असते : “रोज बसनं जातोस नव्हे? मग हे ने. प्रकरणं छोटी आहेत. पहिली तीस पानं जड जातील. भाषा गडहिंग्लजकडची आहे, अडलास तर मोठ्यानं वाच.”

पुस्तक कुठं रेंगाळतं, भाषा कुठली आहे आणि ते कुणाला झेपणार नाही, एवढं आधी सांगून टाकायचं. कथानक थोडंफार फुटलं तरी काही बिघडत नाही.

कादंबऱ्यांपासून सुरुवात करू. घरात कुणी वाचत नाही, पण ऐतिहासिक मालिका आवडीनं बघतात, अशा माणसाच्या हातात रणजित देसाईंची ‘स्वामी’ द्यावी. १९६२ची कादंबरी, माधवराव पेशव्यांवरची. बरीचशी संवादांतून पुढं सरकते, त्यामुळं सवय नसलेला वाचकही दमत नाही. शिवाय लेखक कोवाडचे. चंदगड तालुक्यातलं, ताम्रपर्णीकाठचं हे गाव बेळगावकरांना परकं नाही, आणि “हे आपल्याकडचे” एवढ्या एका गोष्टीवर पुस्तक उघडणारे लोक खूप आहेत. त्यात वावगं काही नाही.

शाळकरी मुलांना आणि शाळा सुटून चाळीस वर्षं झालेल्यांना एकच पुस्तक देता येतं : प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’. ही कादंबरी नव्हे, लंपन नावाच्या मुलाच्या कथा आहेत. पुढं ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’. वाचायच्या तर याच क्रमानं वाचाव्यात. ‘झुंबर’ आधी हाती पडलं तर त्यातल्या दुःखाचं वजन कळत नाही. लंपनच्या बोलण्यात कन्नड सहज मिसळलेलं आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकाला तिथं थांबावं लागतं, इथल्याला नाही.

निपाणीचे महादेव मोरे पिठाची गिरणी चालवत लिहीत राहिले. गॅरेजवाले, ड्रायव्हर, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाया ही त्यांची माणसं. त्यांची पुस्तकं दुकानात सहजी मिळत नाहीत, म्हणून ज्याच्याकडं असतील त्यानं ती कपाटात कोंडून ठेवू नयेत. राजन गवसांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ मात्र सरसकट कुणालाही देऊ नका. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या मुलींचं आणि जोगत्यांचं जगणं त्यांत आहे, तेही आडपडदा न ठेवता. देताना तसं स्पष्ट सांगावं. न सांगता दिलं की पुस्तक परत येतं आणि वर “असलं काय देतोस?” हेही ऐकावं लागतं.

(दृश्य : दोन पुस्तकं शेजारी शेजारी, एक देवनागरीत, एक कन्नड लिपीत. दोघांची नावं एकच : ‘पर्व’.)

आता खास सीमाभागातली अडचण. इथं बहुतेकांना दोन्ही भाषा कळतात, वाचता मात्र एकच येते. गल्लीत दिवसभर कन्नड बोलणारा मराठी शाळेचा माणूस कन्नड पान समोर आलं की गप्प होतो. उलट, घरात मराठी बोलणारी पण कन्नड माध्यमात शिकलेली मुलगी हिंदीमुळं देवनागरी ओळखते, पण इतकी सावकाश वाचते की कादंबरीत जीव रमत नाही. अशा मंडळात निम्मी पुस्तकं निम्म्या लोकांना बंदच राहतात.

यावरचा उपाय कानाचा आहे, आणि तो नवा नाही. उमा कुलकर्णी मूळच्या बेळगावच्या. कन्नड कादंबरीकार भैरप्पांच्या कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या, त्यांतल्या ‘वंशवृक्ष’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. त्यांची पद्धत अशी की पती विरूपाक्ष कुलकर्णी कन्नड मजकूर वाचून टेप करून ठेवायचे आणि त्या तो ऐकून मराठीत लिहायच्या. गच्चीवरच्या मंडळानं अनुवाद करायची गरज नाही, ऐकणं पुरे.

थोडा हिशेब करू. कादंबरीचं एक पान मोठ्यानं वाचायला दोन-अडीच मिनिटं लागतात, मध्ये कुणी अडवून अर्थ विचारला तर तीन. म्हणजे दहा पानांना अर्धा तास. त्याहून जास्त वेळ वाचणाऱ्याचा गळा टिकत नाही आणि ऐकणाऱ्यांचं लक्षही. चारशे पानांची कादंबरी अशी संपवायला चाळीस बैठका लागतील, आणि कुठलंच मंडळ तेवढं तग धरत नाही. म्हणून एकच प्रकरण निवडावं, ते कन्नडमधून ऐकावं आणि त्याच संध्याकाळी मराठी अनुवाद ज्याला हवा त्याच्या हातात द्यावा. मूळ आवाज कानात असला की अनुवाद वाचायला वेगळा लागतो.

प्रकरण निवडताना शहाणपण लागतं. भैरप्पांच्या ‘पर्व’चंच बघा. १९७९ची ही कादंबरी, चमत्कार काढून टाकलेलं महाभारत. ती सुरू होते मद्र देशात, शल्याच्या घरात. पांडवांची वाट बघत बसलेला वाचक तिथंच कंटाळतो. म्हणून ऐकवायला कुंतीचं किंवा भीमाचं प्रकरण घ्यावं. पुस्तक एकेका पात्राच्या आठवणींतून उलगडतं, त्यामुळं मधूनच उचलल्यानं फारसं बिघडत नाही. ‘वंशवृक्ष’चं तसं करता येत नाही. श्रोत्रींच्या घराची घडण आधी मनात बसली नाही, तर कात्यायनीचा निर्णय नुसता बंडखोरीचा वाटतो.

(दृश्य : खानापूर तालुक्यातलं एक घर. जातं. खुंट्यावर दोन हात.)

लोककथा आणि ओव्या सुचवताना पुस्तकाचं नाव पुरत नाही, माणूस सुचवावा लागतो. “आमच्या काकूला पंढरीच्या ओव्या येतात” हीसुद्धा शिफारसच. पण काकूंना खुर्चीवर बसवून, समोर फोन धरून “म्हणा” म्हटलं की चार ओव्यांनंतर त्यांना काही आठवत नाही. ओवी जात्याच्या फेऱ्यावर चालते. हात थांबला की पुढची ओळ अडते. जातं असेल तर मूठभर जोंधळे घालून दळायला बसवावं, नसेल तर निदान तांदूळ निवडायला द्यावेत. फोन एअरप्लेन मोडवर, जमिनीवर घडी घातलेल्या टॉवेलवर, तोंडापासून दीड-दोन हातांवर ठेवावा. जात्याच्या अगदी जवळ ठेवला तर नुसती घरघर ऐकू येते. पंखा बंद. सुरुवातीला नाव, गाव, माहेर आणि ओवी कधी म्हणतात हे त्यांच्याच तोंडून घ्यावं आणि पुढं पाठवायची परवानगीही तिथंच विचारावी. व्हॉट्सॅपवरून पाठवताना फाइल डॉक्युमेंट म्हणून जोडावी. लिहून काढताना “आलंय”चं “आले आहे” करू नये. इतकी मेहनत घेऊन शेवटी ओव्या शाळेच्या निबंधात बसवणारे कमी नाहीत.

माहेर विचारायचं ते उगाच नाही. लग्न होऊन हुक्केरीकडून खानापुरात आलेल्या बाईच्या ओव्यांत दोन मुलूख असतात, क्वचित दोन भाषाही. कन्नडमधली गीगी पदंही, म्हणजे साथीदारासह गायची पोवाड्यासारखी गाणी, याच पद्धतीनं मिळवावीत. इंग्रजांशी लढून नंदगडला १८३१मध्ये फाशी गेलेल्या संगोळ्ळी रायण्णाची पदं गाणारे अजून आहेत. फक्त तिथं एकट्याकडून रेकॉर्डिंग घेऊ नये. मागं “गी गी” धरणारा साथीदार नसला की मुख्य गाणाऱ्याला दम घ्यायला जागा मिळत नाही.

छापील लोककथांत पहिलं नाव ए. के. रामानुजन यांचं. १९५०च्या दशकात ते बेळगावच्या लिंगराज कॉलेजात शिकवत होते. त्यांनी जमवलेल्या कन्नड कथांतली एक तर अशा मंडळात सांगायलाच हवी. एका बाईला एक गोष्ट आणि एक गाणं येत असतं, पण ती कुणालाच सांगत नाही. आत कोंडलेली दोघं एके दिवशी ती झोपलेली असताना तोंडातून निसटतात. गोष्टीचे होतात जोडे, गाण्याचा होतो पुरुषाचा कोट. नवरा घरी येतो, जोडे दारात, कोट खुंटीवर! भांडण करून तो मारुतीच्या देवळात झोपायला जातो. तिथं रात्री गावातल्या विझवलेल्या दिव्यांच्या ज्योती गप्पा मारायला जमतात, आणि त्यांच्या बोलण्यातून त्याला खरं कळतं. परत येऊन तो बायकोला विचारतो, तर तिला ना गोष्ट आठवते, ना गाणं. ज्यांना ही आवडेल त्यांना पुढं गिरीश कार्नाडांचं ‘नागमंडल’ हे नाटक द्यावं. ज्योती तिथं भेटतील.

(दृश्य : चित्रकादंबरीचं उघडं पान.)

चित्रकादंबरी म्हटलं की ज्येष्ठ मंडळी “पोरांचं आहे” म्हणून बाजूला सारतात. त्यांच्यासाठी ‘भीमायन’ पहिलं. २०११चं पुस्तक, बाबासाहेबांच्या आयुष्यातल्या प्रसंगांवरचं, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची. यात चौकोनी खिडक्या नाहीत. संवादाचे फुगे नीट बघा. सोसणाऱ्यांचे शब्द पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात आहेत, जातीचं विष ओकणाऱ्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे, आणि मनातल्या विचाराच्या फुग्याला डोळा काढलेला आहे. एवढं दाखवलं की साठीतला माणूसही पुढचं पान स्वतः उलटतो. इंग्रजी अडत असेल तर आधी सगळं पुस्तक नुसतं चित्रांवरून बघून घ्यावं, मजकूर दुसऱ्या फेरीत.

नाझी छळातून वाचलेल्या ज्यू बापाची गोष्ट सांगणारं ‘माऊस’ आणि इराणमधल्या मुलीच्या वाढत्या वयाचं ‘पर्सेपोलिस’ कॉलेजच्या पोरांना. ‘माऊस’चे दोन भाग आहेत, दोन्ही हातात असल्याशिवाय पहिला देऊ नका. यांच्या पीडीएफ फोनवर वाचू नयेत. दोन पानांवर पसरलेलं चित्र मधोमध तुटतं आणि बारीक अक्षरासाठी पान मोठं केलं की चित्राची मांडणीच दिसेनाशी होते. जुन्या ‘चांदोबा’चे बांधीव खंड कुणाकडं असले तर तेही फिरवावेत, पण ती चित्रकादंबरी नव्हे. तिथं चित्र गोष्टीच्या शेजारी बसतं, इथं गोष्ट चित्रातूनच पुढं जाते.

राहिली राखण. वहीत पाच रकाने पुरतात : पुस्तक, मालक, नेणारा, नेल्याची तारीख, परतीची तारीख. मुदत तीन आठवडे, आणि खानापूरच्या बसमधून कुणाच्या तरी हाती पाठवलेलं पुस्तक पोचल्याचा फोन येईपर्यंत पाठवणाऱ्याच्या नावावर. कव्हर खाकी कागदाचं घालावं. प्लॅस्टिकच्या कव्हरात आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल कोंडते आणि पुठ्ठ्याला बुरशी येते. पाठ सुटली तर सेलोटेप लावू नका, ती पिवळी पडते आणि काढताना कागद सोलते. फेव्हिकॉलची बारीक रेघ ओढून रात्रभर वजनाखाली ठेवावं.

भिजलेली कादंबरी पंख्याखाली, दर वीस पानांत कोरा कागद घालून वाळते. चित्रकादंबरीला एवढा वेळ देता येत नाही. तिच्या गुळगुळीत कागदावरचा थर पाण्यानं चिकट होतो आणि वाळला की पानं एकमेकांना कायमची धरून बसतात. ती ओली असतानाच एकेक पान सुटं करून मध्ये कागद घालावा. तेवढा वेळ नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये टाकावी आणि सवड झाली की काढून, वितळताना पानं सोडवावीत. आणि जून ते सप्टेंबर ‘भीमायन’ कुणालाही घरी द्यायचं नाही, इथंच बसून वाचायचं.