तरफेचा हिशेब: स्पोर्ट क्वाडचे पुढचे आर्म निवडताना

(दक्षिण कॅलिफोर्नियातील मराठी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. समोर बसलेल्यांपैकी बरेच जण थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत क्वाड, म्हणजे हँडलने वळवायची उघडी चारचाकी, ट्रेलरवर चढवून ग्लॅमिसच्या, म्हणजे इथल्या वाळूच्या टेकड्यांच्या प्रदेशात मुक्काम ठोकणारे आहेत, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे ए-आर्म म्हणजे चाकाला चॅसीशी, म्हणजे गाडीच्या सांगाड्याशी, जोडणारा दांडा आणि बॉल जॉइंट म्हणजे त्याच्या बाहेरच्या टोकाचा गोल सांधा, याहून जास्त वेळ मी त्यात घेणार नाही. मूळ आर्म काढून बाजारातले लांब आर्म बसवायचे ठरले, तर निवड कशी करावी, हा आजचा विषय. त्यावर मला अनेक वर्षांपासून एकच गोष्ट सांगायची आहे: आर्म ही तरफ आहे, तरफेची लांबी बदलली की तिच्यावर टेकलेल्या शॉकचे, म्हणजे स्प्रिंग असलेल्या धक्काशोषकाचे, काम बदलते, आणि म्हणून आर्म कधीही एकटा विकत घेऊ नये.

आपल्यापैकी किती जणांनी गावी पहारीने दगड हलवला आहे? बरेच हात वर आले, आनंद वाटला. दगड जड असला की आपण पहारीचे अगदी टोक धरतो, कारण हात जितका लांब, तितका दगड हलका लागतो. क्वाडच्या खालच्या आर्मवर हेच घडते. चॅसीकडचा बोल्ट हा टेकू, शॉकची स्प्रिंग हा दगड आणि बाहेरच्या टोकाला चाकावाटे जमीन हात लावते. आर्म लांब केला म्हणजे जमिनीच्या हाती आपण लांब पहार दिली, आणि तिला आपली स्प्रिंग दाबणे सोपे करून ठेवले.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात वाढले. तिथल्या एका वयस्क फिटरकाकांकडून मी एक सवय घेतली: कोणताही सुटा भाग हातात आला की तो कुठे बसतो हे विचारण्याआधी तो कशावर भार टाकतो, हे विचारायचे. ती सवय मी एकदाच मोडली, आणि ती हकीगत मला थोडी सविस्तर सांगायची आहे.

माझ्याकडे यामाहाची रॅप्टर ७०० आर होती. तिची एकूण रुंदी कंपनीच्या तपशिलात सुमारे ११७ सेंटीमीटर आणि पुढच्या चाकाची उभी हालचाल सुमारे २३ सेंटीमीटर. ग्लॅमिसच्या टेकड्यांवर आडव्या उतारावरून जाताना ती मला अरुंद वाटे. एका दुकानात, त्याचे नाव मी घेणार नाही, मला प्लस टू प्लस वन आर्म दाखवले गेले, म्हणजे प्रत्येक बाजूला २ इंच जास्त रुंद आणि चाक १ इंच पुढे नेणारे. शॉक मूळचेच चालतील, बोल्ट काढा आणि बोल्ट लावा, दुसरे काहीही लागत नाही, असे मला ठामपणे सांगण्यात आले. सोबत लांब टाय रॉड, म्हणजे हँडलचे वळण चाकापर्यंत नेणारे दांडे, दिले नव्हते आणि ब्रेकच्या नळ्यांचा उल्लेखही झाला नव्हता. मी पैसे मोजले आणि त्याच आठवड्यात वाळूत गेले.

पहिल्या सकाळी क्वाड ट्रेलरवरून उतरवताच पुढचा भाग खाली बसलेला दिसला. मी पाना घेऊन दोन्ही शॉकचे प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, शेवटपर्यंत आवळले. आज इतक्या वर्षांनीही मला त्याची खंत वाटते, कारण प्रीलोडने क्वाडची उभी राहण्याची उंची बदलते, स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही, हे मी वर्गात शिकलेली मुलगी होते. उंची सुधारली, मला समाधान वाटले, आणि तासाभराने एका छोट्या टेकडीवरून उतरताना, जिथे उतार संपून सपाटी लागते त्या जागी, पुढचे दोन्ही शॉक तळाला आपटले. तो आवाज लाकडी पाटावर हातोडा पडावा तसा होता आणि हँडलमधून तो माझ्या कोपरापर्यंत आला.

मुक्कामावर परतून आम्ही पुढचा भाग जॅकवर उचलला. चाके मोकळी लोंबकळू लागली तशी डावीकडची ब्रेकची रबरी नळी तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणली गेली. हँडल पूर्ण वळवले तेव्हा जोडाजवळच्या रबरावर पांढुरक्या बारीक रेषा उमटल्या. मग टाय रॉडकडे लक्ष गेले. चाकांची दिशा जुळवताना मूळ टाय रॉडच बाहेर काढत काढत लांब केला होता. टोक सोडवले तेव्हा चौथ्या फेऱ्यालाच ते हातात आले. म्हणजे वाळूत ताशी ६० किलोमीटरने जाताना माझे पुढचे चाक जेमतेम चार आट्यांवर दिशा धरून होते.

त्या रात्री मी तंबूत बसून कागदावर केलेला हिशेब आपल्यापुढे मांडते. सोयीसाठी आकडे गोल घेतले आहेत आणि शॉकचा तिरपेपणा बाजूला ठेवला आहे. समजा टेकूपासून बाहेरचे टोक ४० सेंटीमीटरवर आहे आणि शॉक २४ सेंटीमीटरवर टेकला आहे. आर्म ५ सेंटीमीटरने लांब केला आणि शॉकची जागा तीच ठेवली, तर टोक ४५ वर गेले. ४० भागिले ४५ म्हणजे ०.८९. पण इथे थांबता येत नाही, कारण तरफ दोनदा वार करते: चाकाला मिळणारा स्प्रिंगचा जोर कमी होतो, आणि चाक तितकेच उचलले गेले तरी शॉक कमी दाबला जातो. म्हणून त्या आकड्याचा वर्ग करावा लागतो, आणि तो येतो ०.७९. चाकापाशी जाणवणारा कडकपणा २१ टक्क्यांनी गेला! तो परत मिळवायचा तर स्प्रिंग सुमारे सव्वापट कडक हवी आणि तिला आवर घालण्यासाठी शॉकमधले डँपिंगही पुन्हा बसवून घ्यायला हवे. हा हिशेब शाळेतल्या तरफेचा आहे, आणि गिऱ्हाइकाला तो दोन मिनिटांत सांगता येतो. तो सांगितला जात नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

रुंदीच्या आकर्षणामागे इतिहास आहे. अमेरिकेत क्वाडसारख्याच, पण तीनचाकी गाड्या सहज उलटतात म्हणून ओरड झाली, आणि १९८८ मध्ये सरकार व उत्पादक यांच्यातील न्यायालयीन तडजोडीने नव्या तीनचाकींची विक्री थांबली. सुझुकीची क्वाडरेसर २५०, होंडाची २५० आर, यामाहाची बॅन्शी या चारचाकी तोवर आल्याच होत्या, आणि गाडी रुंद म्हणजे गाडी सुरक्षित ही समजूत पक्की झाली. ती बऱ्याच अंशी खरीही आहे. मात्र क्वाड कलंडते ते एका बाजूच्या पुढच्या आणि मागच्या टायरला जोडणाऱ्या रेषेवर. मागचा ॲक्सल तेवढाच ठेवून फक्त पुढची चाके ५ सेंटीमीटरने बाहेर नेली, तर वजनाच्या मध्यापासून ती रेषा साधारण निम्म्यानेच दूर जाते.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. आठ मिनिटे उरली आहेत, आणि निवड कशी करावी हे तर अजून सांगायचेच आहे. आता भराभर सांगते.

आधी जागा ठरवा, मग रुंदी. झाडांमधल्या शर्यतींत अरुंद क्वाडच निसटते. मोटोक्रॉसच्या नियमांत आणि वनखात्याच्या अनेक वाटांवर ५० इंच, म्हणजे १२७ सेंटीमीटर, ही मर्यादा आहे. रॅप्टरवर प्लस टू बसवले की आपण नेमके त्या रेषेवर येतो. यामाहाचीच वायएफझी ४५० आर मुळातच सुमारे १२४ सेंटीमीटर आहे, तेव्हा तिच्यावर प्लस टू घेतले की मर्यादा ओलांडलीच. वाळूत अशी अडचण नाही, तिथे प्लस थ्रीही चालते, पण त्या हिशेबाचे शॉक हवेत.

दुसरे, स्टँडर्ड ट्रॅव्हल की लाँग ट्रॅव्हल, म्हणजे चाकाची उभी हालचाल नेहमीची हवी की जास्त, हे आर्म मागवण्याआधी ठरवा. लाँग ट्रॅव्हलमध्ये शॉकच लांब असतो आणि आर्मवरची त्याची जागा वेगळी असते, त्यामुळे मूळ शॉक तिथे बसत नाही. शॉक नव्याने घ्यायला पैसे नसतील, तर निदान आपल्या वजनाला आणि नव्या आर्मला जुळणाऱ्या स्प्रिंग घ्या. तेवढेही नसतील तर मूळ आर्म राहू द्या.

तिसरे, वरचा आर्म जुळवता येणारा घ्या. सायकलचा चिमटा जसा मागे कललेला असतो, तसाच चाक वळण्याच्या अक्षाचा कल इथे असतो, त्याला कॅस्टर म्हणतात, आणि वरचा आर्म जुळवून तो बदलता येतो. तो वाढवला की क्वाड सरळ धरून चालते आणि हँडल जड होते. कमी केला की चपळ वळते, पण वेगात भिरभिरते. वाळूत थोडा जास्त ठेवावा, असे माझे मत आहे.

चौथे, धातू. चांगले आर्म ४१३० क्रोमोली, म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाच्या नळीचे असतात. साध्या पोलादापेक्षा ते बळकट, म्हणून नळी पातळ ठेवून वजन वाचते. मात्र त्याच जाडीची नळी असेल तर ती क्रोमोली आहे म्हणून कमी वाकेल, असे नाही, कारण सर्व पोलादांची लवचीकता जवळपास सारखीच. जुने आर्म घेत असाल तर बॉल जॉइंटच्या कपाजवळ आणि शॉकच्या कानापाशी वेल्डिंगच्या कडेने नख फिरवा. रंगावर केसासारखी तांबूस रेघ दिसली, तर खाली तडा आहे असे समजून तो आर्म परत करा. चॅसीकडच्या बोल्टभोवती जी बुश असते, तिला ग्रीस भरायची सोय आहे का, तेही पाहा. वाळू कोरड्या बुशला एका मोसमात खाते.

आणि शेवटी, आर्मच्या किमतीत लांब टाय रॉड आणि लांब ब्रेकच्या नळ्या धरूनच बेरीज करा. टाय रॉडच्या टोकाचे आटे दांड्याच्या व्यासाच्या किमान दीडपट आत असावेत, असा नियम मी स्वतःसाठी ठेवला आहे. सगळे बसवून झाले की पुढचा भाग उचला, चाके लोंबकळू द्या, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि नळ्यांकडे पाहत राहा. माझा तो जुना टाय रॉड मी आज सोबत आणला आहे. तो इथे टेबलावर ठेवते. प्रश्न विचारायला याल तेव्हा हातात घेऊन फिरवून पाहा, चौथ्या फेऱ्याला टोक निघेल.