नदीच्या सवडीने आखलेली सहल

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबाची उन्हाळी सहल बहुधा तीन गोष्टींवरून ठरते: मुलांची शाळा केव्हा सुटते, कचेरीत रजा केव्हा मिळते आणि विमानाचे तिकीट केव्हा स्वस्त असते. मात्र माँटाना, वायोमिंग आणि आयडाहो या पश्चिमेकडच्या डोंगराळ राज्यांत फ्लाय फिशिंगसाठी, म्हणजे गळाला कृत्रिम माशी बांधून ट्राउट मासा गरवण्यासाठी जायचे असेल, तर या तिन्ही गोष्टी दुय्यम ठरतात, हे मला पहिल्याच खेपेस बरेच पैसे घालवून कळले. त्या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघे बोझमनच्या विमानतळावर उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी लिव्हिंग्स्टन गावापाशी यलोस्टोन नदीच्या काठावर जाऊन उभे राहिलो, तेव्हा दोन्ही थड्या भरून दुधाच्या चहाच्या रंगाचे पाणी धावत होते आणि मुळांसकट उपटलेली झाडे त्यातून वाहून चालली होती. आकाश मात्र निरभ्र होते. गावातल्या दुकानातील वयस्क गृहस्थांनी माझ्या हातातील गळाची नवी कोरी काठी पाहिली आणि अत्यंत सौजन्याने विचारले, "आपल्याला घोड्यावर बसता येते का?"

नदीला पूर येतो तो पावसाने, ही सह्याद्रीच्या सावलीत वाढलेल्या माणसाची समजूत. रॉकी पर्वतातल्या नद्यांना पूर येतो तो उन्हाने. हिवाळाभर शिखरांवर साचलेले बर्फ मेच्या मध्यापासून वितळू लागते आणि साधारणपणे जूनअखेरपर्यंत, बर्फ जास्त पडले असेल तर जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतरही, नद्या गढूळ आणि दांडग्या राहतात. त्यांना काठी लावण्यात अर्थ नसतो आणि त्यांत उतरणे धोक्याचे असते. वितळत्या बर्फावर जोराचा पाऊस कोसळला तर काय होते, ते २०२२ च्या जूनमध्ये दिसले. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातले रस्ते नदीने कापून नेले आणि उद्यानाची सगळी प्रवेशद्वारे बंद करावी लागली.

पाण्याचा अंदाज घेण्याच्या बाबतीत मराठी माणसाला थोडी तयारी आधीपासूनच असते, असे मला वाटते. खडकवासल्यातून इतक्या हजार क्युसेकने विसर्ग सुरू झाला, नदीकाठच्या रहिवाशांनी सावध राहावे, ही बातमी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. अमेरिकेची यूएसजीएस ही सरकारी संस्था देशभरातल्या नद्यांवर मोजणी केंद्रे चालवते आणि तेथील प्रवाहाचा आकडा संगणकावर कोणालाही पाहता येतो. तो आकडा म्हणजे आपला क्युसेकच, दर सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर पाणी. लिव्हिंग्स्टनजवळ यलोस्टोन नदी जूनमध्ये १५ ते २० हजार क्युसेकवर चढणे नेहमीचे आहे. तीच सप्टेंबरात दोन-तीन हजारांवर उतरते. पहिल्या वेळी मी हॉटेलांचे अभिप्राय तासन् तास वाचले आणि हा एक आकडा पाहिला नाही.

त्याहूनही आधी पाहण्याची गोष्ट म्हणजे बर्फाचे वजन. अमेरिकी कृषी खात्याची स्नोटेल नावाची केंद्रे डोंगरांत ठिकठिकाणी आहेत. तेथे जमिनीवर द्रव भरलेली एक सपाट उशी ठेवलेली असते. तिच्यावर पडलेल्या बर्फाच्या दाबावरून त्यात किती पाणी दडले आहे ते मोजले जाते. फेब्रुवारीपासून महिन्यातून एकदा हे आकडे पाहण्याची सवय ठेवली, तर एप्रिलअखेरीस उन्हाळ्याचा बराचसा अंदाज येतो. बर्फ नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त असेल तर बेत जुलैच्या उत्तरार्धात ढकलावा. कमी असेल तर उलट लवकर जावे, कारण अशा वर्षी ऑगस्टमध्ये नद्या खंगतात आणि तापतात.

आता ज्यांची रजा जूनमध्येच आहे त्यांनी घरी बसावे काय? तसे मुळीच नाही. त्यांनी नदी निराळी निवडावी. धरणाखालच्या नद्यांना वितळत्या बर्फाचा मार कमी बसतो, कारण वरचा गाळ जलाशयात बसतो आणि खाली येणारे पाणी थंड व स्वच्छ असते. होल्टर धरणाखाली क्रेग या चिमुकल्या गावाजवळची मिसुरी आणि यलोटेल धरणाखाली फोर्ट स्मिथजवळची बिगहॉर्न, या दोन नद्या जूनमध्ये बहुधा साथ देतात. तिसरी नदी अजब आहे. यलोस्टोन उद्यानातली फायरहोल गरम झऱ्यांच्या आणि उष्ण फवाऱ्यांच्या मधून वाहते, त्यामुळे मेअखेरीस उद्यानातला मासेमारीचा हंगाम उघडताच ती गरवण्याजोगी असते, आणि इतर नद्या जुलैत निवळू लागतात तेव्हा ही नको तितकी कोमट झालेली असते. कमरेइतक्या पाण्यात उभे राहून काठी फिरवावी आणि मागे थोड्या अंतरावर जमिनीतून वाफेचे लोट उठत असावेत, हा अनुभव मी दुसरीकडे कोठेही घेतलेला नाही.

ज्यांच्या हाती तारीख आहे त्यांना मी जुलैचे मधले दोन आठवडे किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध सुचवीन. जूनअखेर ते जुलैच्या आरंभी मॅडिसन नदीवर सॅमनफ्लाय नावाचा, बोटाएवढा लांब, नारिंगी पोटाचा किडा बाहेर पडतो. तीन-चार वर्षे तो नदीच्या तळाशी दगडांखाली काढतो आणि पाणी पुरेसे ऊबदार झाले की काठावरच्या विलोच्या झुडपांवर चढून कात टाकतो. नदीचे पाणी खालच्या अंगाकडून उगमाच्या दिशेने तापत जाते, म्हणून किड्यांची ही लाटही रोज काही मैल प्रवाहाच्या वर सरकते. आणि एरवी तोलून मापून खाणारे मोठे मासे त्या दिवसांत अधाशासारखे वागतात. हा मुहूर्त साधण्यासाठी लोक दुरून येतात. पण नवख्याने त्याच्या मागे लागू नये, असे माझे मत आहे. मुहूर्त दोन दिवसांनी चुकतो, काठावर गर्दी होते आणि पाणी अजून भरलेले असते. दोन आठवड्यांनंतर कॅडिस आणि मेफ्लाय हे लहान किडे रोज संध्याकाळी नेमाने निघतात, आणि शिकण्याला तीच वेळ बरी.

ऑगस्टमध्ये नाकतोडे गवतातून पाण्यात पडू लागतात आणि नाकतोड्यासारख्या दिसणाऱ्या माशीवर भर दुपारी मासा येतो. मात्र याच महिन्यात एक बंधन येण्याची शक्यता असते. पाण्याचे तापमान लागोपाठ तीन दिवस ७३ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण २३ अंश सेल्सिअसला पोहोचले, तर माँटानाचे मत्स्य खाते त्या नदीवर दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी थांबवू शकते. याला तिकडे 'हूट आउल' म्हणजे घुबडाचा नियम म्हणतात. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो. थंड पाण्याचा ट्राउट आधीच धापा टाकत असतो आणि गळाशी झुंज दिल्यानंतर सोडून दिला तरी तो मरू शकतो. म्हणून ऑगस्टमध्ये जाणाऱ्याने पहाटे उठण्याची तयारी ठेवावी आणि दुपारचा वेळ घरच्या मंडळींना द्यावा. त्यांचाही सहलीवर काही हक्क असतो.

मुक्काम कोठे करावा? पहिल्यांदा नकाशा पाहिला की एका आठवड्यात सहा नद्या करण्याचा मोह होतो, आणि मग एक ना धड, भाराभर चिंध्या अशी गत होते. त्यापेक्षा एकाच गावी राहावे. माझी पसंती वेस्ट यलोस्टोनला आहे. हे गाव समुद्रसपाटीपासून २,००० मीटरांहून अधिक उंचीवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही वर वसलेले आहे, म्हणून पहिला दिवस दमाने घ्यावा. तेथून मॅडिसन, फायरहोल, गिबन, गॅलाटिनचा वरचा भाग आणि आयडाहोतली हेन्रीज फोर्क, एवढ्या नद्या तासाभराच्या टापूत आहेत. त्यातली हेन्रीज फोर्क सुरेख असली तरी तिच्या काचेसारख्या संथ पाण्यातले मासे नवख्याचा पाणउतारा करतात. क्वेक लेकपासून एनिसपर्यंतची मॅडिसन मात्र जवळजवळ पन्नास मैलांचा एकच खळाळ आहे, आणि खळाळात माशाला विचार करायला वेळ मिळत नाही. हे क्वेक लेक १९५९ च्या ऑगस्टमधील भूकंपात निर्माण झाले. डोंगराची अख्खी बाजू कोसळून नदी अडली आणि त्या आपत्तीत २८ माणसे गेली. पाण्यातून वर आलेले वाळक्या झाडांचे सोट आजही दिसतात.

या एका टापूत तीन परवाने लागतात, ही गोष्ट लक्षात ठेवावी. उद्यानाच्या हद्दीत उद्यानाचा परवाना, बाहेर माँटानाचा आणि डोंगरापलीकडे आयडाहोचा. एकाचा दुसऱ्या ठिकाणी उपयोग नाही. उद्यानात टोकाशी उलटा काटा नसलेलाच गळ चालतो, गांडूळ किंवा अन्य जिवंत आमिष चालत नाही आणि तळव्याला नमदा लावलेले बूटही चालत नाहीत, कारण नमद्यात ओल टिकते आणि तिच्यातून परके जीव एका नदीतून दुसऱ्या नदीत जातात. जमिनीचा कायदाही राज्यागणिक बदलतो. माँटानात १९८५ च्या कायद्याने नदीपात्र, भरल्या नदीचे पाणी नेहमी जेथवर चढते त्या रेषेपर्यंत, सर्वांना खुले आहे. पुलावरून किंवा सार्वजनिक जागेतून एकदा पाण्यात उतरलात की दोन्ही काठ खासगी असले तरी पात्रातून चालत जाता येते. वायोमिंगमध्ये खासगी जमिनीतून नदी वाहत असेल तर नावेतून तरंगत जाण्यास हरकत नाही, पण तळाला पाय लावला की ते अतिक्रमण ठरते.

मालवणजवळ राहणाऱ्या माझ्या मावशीला मी एकदा फोनवर हे सारे वर्णन करून सांगितले आणि शेवटी पकडलेला मासा पुन्हा पाण्यात सोडतो, असे म्हटले. ती क्षणभर थांबून म्हणाली, "मगे गेलंस कित्याक?" प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर मॅडिसन नदीच्याच इतिहासात आहे. माँटानाचे सरकार पूर्वी दरवर्षी हॅचरीत, म्हणजे मत्स्यपैदास केंद्रात, वाढवलेले ट्राउट नद्यांत सोडत असे. डिक व्हिन्सेंट या मत्स्यशास्त्रज्ञाने मॅडिसनवर मोजणी करून दाखवले की बाहेरचे मासे सोडल्याने नदीत जन्मलेले मासे वाढण्याऐवजी घटतात. त्यावर मोठे वादंग झाले, तरी १९७४ मध्ये राज्याने अशा नद्यांत मासे सोडणे थांबवले. म्हणजे आज तेथे जो मासा गळाला लागतो तो नदीचा स्वतःचा असतो, त्याच्या जागी कोणी दुसरा आणून टाकत नाही. यातला ब्राउन ट्राउट मूळचा युरोपातला आणि ब्रुक ट्राउट पूर्व अमेरिकेतला. तेथला खरा भूमिपुत्र म्हणजे जबड्याखाली लाल रेघ असलेला कटथ्रोट. उद्यानात तो पाण्यात परत सोडावाच लागतो. मावशीला हे उत्तर पटले असे मी म्हणणार नाही.

सामानाबद्दल फार बोलण्यासारखे नाही. नऊ फुटांची, पाच नंबरच्या दोरीची काठी बहुतेक ठिकाणी पुरते, आणि माश्या तेथल्या दुकानातूनच घ्याव्यात, कारण त्या आठवड्यात काय चालले आहे हे दुकानदाराला ठाऊक असते. दोरी फेकण्याचा सराव मात्र घरून करून जावे. आपल्या ओळखीच्या गळात शिशाचे वजन दोरीला ओढून नेते. येथे माशीला वजनच नसते, जड असते ती दोरी, आणि तिचा वळसा मागे पूर्ण उलगडेपर्यंत हात थांबवावा लागतो. हे थांबणे शिकायला मला एक महिना घराजवळच्या हिरवळीवर घालवावा लागला, आणि शेजाऱ्यांनी कोणता समज करून घेतला असेल याचा विचार मी अजूनही टाळतो. पहिल्या दिवसासाठी गाईड जरूर घ्यावा. एका नावेत बहुधा दोन जण बसतात, खर्च काही शे डॉलर येतो आणि जुलैच्या तारखा हिवाळ्यातच भरू लागतात. पाण्यात उतरताना वेडर्सवर, म्हणजे छातीपर्यंतच्या जलरोधक विजारीवर, कमरपट्टा घट्ट आवळावा आणि हातात टेकायला काठी असावी, कारण मॅडिसनचे गोटे शेवाळाने तेल लावल्यासारखे निसरडे असतात.

राहता राहिले अस्वल. हा ग्रिझलीचा मुलूख आहे. उद्यानाच्या नियमाप्रमाणे त्याच्यापासून किमान १०० यार्ड दूर राहायचे असते. नदीकाठच्या दाट विलोमधून जाताना मोठ्याने बोलत चालावे आणि लाल मिरचीच्या अर्काचा फवारा पाठीवरच्या पिशवीत नव्हे, तर कमरेला लावावा. तो विमानातून नेता येत नाही, हातातल्या पिशवीतही नाही आणि सामानातही नाही, म्हणून तेथे पोहोचल्यावर विकत घ्यावा लागतो आणि निघताना तेथेच ठेवावा लागतो. मी उतरलो होतो त्या मोटेलच्या टेबलामागे आधीच्या पाहुण्यांनी सोडलेले असे पाच-सहा डबे ओळीने मांडलेले होते, आणि मला ते दिसले तेव्हा माझा नवा डबा विकत घेऊन झाला होता. तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी मोटेलच्या मालकांना एकदा विचारून पाहावे.