सातपुड्याची थंडी आणि तीन महिन्यांचा अंदाज

[दृश्य: तोरणमाळचा घाट, उजाडण्यापूर्वीची वेळ]

हिवाळ्याचा हंगामी अंदाज डिसेंबरच्या तोंडावर येतो. डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांसाठी भारतीय हवामानशास्त्र विभाग देशाचा नकाशा प्रसिद्ध करतो आणि किमान व कमाल तापमान सरासरीपेक्षा अधिक, सरासरीइतके किंवा कमी राहण्याची शक्यता त्यात निरनिराळ्या रंगांनी दाखवतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे मिळून त्या नकाशावर नखाएवढी जागा व्यापतात आणि बहुतेक वेळा तिघांवर मिळून एकच रंग पडतो. प्रत्यक्षात तापीकाठची केळीची बाग समुद्रसपाटीपासून साधारण दोनशे मीटरवर असते, तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास आहे आणि अस्तंब्याचे शिखर त्याहूनही उंच आहे. या सर्वांची रात्र एकाच रंगात बसणे कठीण आहे.

रंगाचा अर्थही नीट समजून घ्यायला हवा. ‘किमान तापमान सरासरीपेक्षा अधिक राहण्याची शक्यता’ असे वाचले की यंदा थंडी नाही, असा निष्कर्ष चावडीवर लगेच निघतो. अंदाज मात्र तीन महिन्यांच्या सरासरीविषयी बोलत असतो. नव्वद रात्रींपैकी पाच-सहा रात्री कडाक्याच्या गेल्या आणि उरलेल्या उबदार राहिल्या, तर सरासरी वरच राहील, अंदाज बरोबर ठरेल आणि केळीचे नुकसान व्हायचे ते झालेलेच असेल. म्हणूनच त्याच अंदाजात थंडीच्या लाटेचे दिवस किती असतील याविषयी दिलेले विधान खानदेशासाठी नकाशाच्या रंगाहून अधिक महत्त्वाचे मानावे, असे आम्हाला वाटते.

या अंदाजामागे प्रशांत महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान हा एक मोठा घटक असतो. हा पृष्ठभाग विषुववृत्ताजवळ नेहमीपेक्षा थंड असताना, म्हणजे ‘ला निना’ असताना, उत्तर भारतात थंडीला पोषक स्थिती निर्माण होण्याचा कल असतो, तर तो उबदार असलेल्या ‘एल निनो’च्या वर्षी हिवाळा सौम्य राहण्याकडे झुकतो. हा कल आहे, हमी नाही. खानदेशातील थंडीचा खरा कारभार भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांच्या, म्हणजे पाऊस-बर्फ आणणाऱ्या वादळी हवेच्या प्रणालींच्या, हाती असतो. विक्षोभ हिमालयावर बर्फ टाकून पुढे सरकला की आकाश निरभ्र होते, उत्तरेचे कोरडे, गार वारे राजस्थान आणि मध्य प्रदेश ओलांडून खाली उतरतात आणि दोन-तीन दिवसांत धुळ्याचा पारा एक आकडी होतो. असे विक्षोभ कोणत्या तारखेला येतील हे तीन महिने आधी सांगता येत नाही. ते सांगण्याची पात्रता फार तर आठवडाभर आधीच्या अंदाजाला असते.

[दृश्य: तापीचे खोरे, सातपुड्याच्या कड्यावरून]

वारा पडल्यानंतरचे काम हा भूप्रदेश स्वतः करतो. उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला गाळणा व अजिंठ्याचे डोंगर यांच्यामध्ये तापीचे खोरे पश्चिमेकडे पसरत गेले आहे. निरभ्र, शांत रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते, उतारावरची थंड हवा जड होऊन खाली घरंगळते आणि नाल्यांच्या, नद्यांच्या सखल भागात साचते. त्यामुळे डोंगरावर थंडी आणि पायथ्याशी ऊब हा सरळ हिशेब येथे नेहमी चालत नाही. एकाच गावात नाल्याकाठचे शेत गारठते आणि टेकाडावरचे वाचते.

अक्कलकुवा तालुक्यात डाब आणि वालंब्याच्या परिसरात कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठतात, गवतावर आणि गाड्यांच्या टपांवर पांढरा थर दिसतो. या बातमीवर शंका घेणारे म्हणतात की तापमापक शून्याच्या वर असताना बर्फ कसा जमेल. तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत असतो. त्याच वेळी उघड्या गवताचे पाते पेटीतील हवेपेक्षा काही अंशांनी थंड असू शकते. म्हणजे दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. याच गारव्याचा उपयोग करून डाब परिसरातील आदिवासी शेतकऱ्यांनी स्ट्रॉबेरी लावली आहे.

[दृश्य: रावेर तालुक्यातील केळीची बाग, पिवळी पडलेली पाने]

रावेर, यावल आणि चोपड्यात मात्र थंडी म्हणजे चरका, अर्थात केळीला बसणारा गारठ्याचा फटका. पारा दहा-बारा अंशांच्या खाली राहू लागला की केळीची वाढ मंदावते, पाने पिवळी पडतात, घड पोग्यात (मधल्या गुंडाळलेल्या पानात) अडकतो आणि तयार फळाच्या सालीचा रंग बिघडतो. शेतकरी रात्री पाणी देतात, कारण कूपनलिकेचे पाणी हवेपेक्षा उबदार असते. बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतात आणि घडांना पिशव्या घालतात. फळपीक विम्यात कमी तापमानाची भरपाई ठरते ती सलग तीन दिवस किमान तापमान आठ अंश किंवा त्याहून खाली राहिले तर, आणि हे मोजले जाते महसूल मंडळातील हवामान केंद्रावर. केंद्र टेकाडावर आणि बाग नाल्याकाठी असेल, तर बागेने सोसलेला गारठा केंद्राच्या नोंदीत उतरेलच असे नाही. हंगामी अंदाजाहून या केंद्राची जागा शेतकऱ्याला अधिक छळते, आणि त्यावर जितकी चर्चा व्हायला हवी तितकी होत नाही.

थंडीइतकीच भीती ढगांची असते. बंगालच्या उपसागरातून किंवा अरबी समुद्रातून आर्द्रता आली की रात्री उबदार होतात, हरभऱ्यावर घाटेअळी वाढते, आणि नंदुरबारला पथारींवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या जागांवर, उघड्यावर वाळणारी मिरची एका अवकाळी सरीने डागाळते. मोठ्या क्षेत्राचे पर्जन्यमान सांगणाऱ्या हंगामी अंदाजात ही एक सर दिसत नाही. पथारीवाल्यांनी रोजचा जिल्हानिहाय इशाराच पाहायला हवा.

गव्हाचा हिशेब निराळा आहे. त्याला जानेवारीची थंडी हवीच असते आणि तो खरा अडचणीत येतो तो फेब्रुवारीत. दाणा चिकात असताना दुपारचे तापमान लवकर चढले, तर दाणा बारीक राहतो. म्हणून जानेवारीअखेर येणारा फेब्रुवारीचा मासिक अंदाज गहू उत्पादकाने वाचताना किमान तापमानाचा नकाशा बाजूला ठेवून कमाल तापमानाचा नकाशा आधी उघडावा आणि शेवटच्या पाण्याच्या पाळ्या त्यानुसार ठरवाव्यात.