प्रत्येक थांब्याला स्वतःचा नकाशा

(विलेपार्ल्यातील एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर विषय लांबलचक छापलाय, 'संगणकाने आपोआप काढलेले स्कीमॅटिक नकाशे आणि सार्वजनिक वाहतुकीची माहिती'. त्याकडे येतोच. आधी मला तुमच्याकडून एक उत्तर हवंय. तुम्ही घाटकोपर स्टेशनात उभे आहात आणि वरळीला, आचार्य अत्रे चौकात पोचायचंय. कसे जाल?

मागून काका म्हणतायत, स्लो लोकलने दादर आणि तिथून टॅक्सी. या ताई म्हणतायत, करी रोडला उतरायचं, चालत लोअर परळला यायचं आणि बस धरायची. तो खिडकीपाशी उभा असलेला मुलगा म्हणतोय, मेट्रो एकने मरोळ नाका, तिथे भुयारी मेट्रोत बदलायचं, थेट अत्रे चौक. तिघंही पोचतील. पण बघा, तीन माणसांच्या डोक्यात तीन मुंबया आहेत. काकांच्या मुंबईत भुयारी मेट्रो अजून सुरूच झालेली नाही. या मुलाच्या मुंबईत करी रोड नाही. ज्याने ज्या वर्षी शहर पाठ केलं, त्या वर्षाचं शहर तो आजही वापरतो. मला तळमळ आहे ती एवढ्याचीच, की ही तिन्ही उत्तरं घाटकोपरच्या फलाटावर एका कागदावर दिसावीत आणि तो कागद आजचा असावा.

स्कीमॅटिक नकाशा म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. लोकलच्या डब्यात रोज बघता. चर्चगेटपासून डहाणूपर्यंत सरळ रेघ, स्टेशनं सारख्या अंतरावर. वसईची खाडी नाही, वळणं नाहीत. आपण काही त्यावरून जमीन मोजत नाही. किती स्टेशनं राहिली आणि कुठे बदलायचं, एवढंच त्यातून हवं असतं.

ही कल्पना नीट मांडली हॅरी बेक या माणसाने, आणि त्याची गोष्ट मी सांगितल्याशिवाय राहणार नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या सिग्नल खात्यात तो आकृत्या काढायचा, ड्राफ्ट्समन. त्या काळचे नकाशे जमिनीशी इमान राखणारे होते. परिणामी शहराच्या मध्यभागी स्टेशनांची नावं एकमेकांवर चढलेली आणि उपनगरं कागदाच्या बाहेर गेलेली. १९३१ साली बेकने स्वतःच्या वेळात एक नकाशा काढला. रेघा फक्त आडव्या, उभ्या, नाहीतर पंचेचाळीस अंशांत. मधलं शहर फुगवलं, उपनगरं आवळली. जमिनीवरची एकच खूण ठेवली, थेम्स नदी. वरिष्ठांनी तो नाकारला, फारच क्रांतिकारक वाटला त्यांना. त्याने पुन्हा दिला. १९३३च्या जानेवारीत साडेसात लाख प्रती छापल्या आणि लोकांनी त्या डोक्यावर घेतल्या. पुढे जवळजवळ पंचवीस वर्षं हा माणूस तो नकाशा दुरुस्त करत राहिला. नवा फाटा आला की सगळं पुन्हा जुळवायचं. १९६० साली नवा नकाशा आला, त्यावर दुसऱ्याचं नाव. बेकला ते शेवटपर्यंत लागलं. आज त्या नकाशावर त्याचा उल्लेख छापतात. ते वाचून मला बरं वाटतं, पण फार उशीर झाला.

आणि ती थेम्स! २००९ साली कुणाला तरी वाटलं, नकाशात गर्दी झालीय, नदी काढून टाकू. काढली. लोक असे खवळले की काही महिन्यांत नदी परत आणावी लागली. भुयारातून जाणाऱ्या माणसाला नदी दिसतसुद्धा नाही, तरी कागदावर ती हवी. कारण नदीवरून तो ठरवतो, मी अलीकडे आहे की पलीकडे. आपल्याकडे हे काम कोण करतं? रेल्वेचे रूळ करतात. पूर्व की पश्चिम, हा मुंबईतला पहिला प्रश्न. मुंबईच्या कुठल्याही नकाशात हे उत्तर एका नजरेत मिळालं नाही, तर तो मुंबईचा नकाशा नव्हे. टाळ्या नकोत, वेळ कमी आहे.

उलट उदाहरण न्यूयॉर्कचं. १९७२ साली मासिमो विन्येली या मोठ्या डिझायनरचा सबवेचा नकाशा आला. देखणा. पण सेंट्रल पार्क, जो प्रत्यक्षात लांबुळका आहे, तो चौकोनी आणि करडा. पन्नासाव्या रस्त्यावर तर ब्रॉडवेचं स्टेशन आठव्या ॲव्हेन्यूच्या चुकीच्या बाजूला गेलेलं. जमिनीखालून वर आलेला माणूस नेमका उलट दिशेने चालू लागायचा. १९७९ साली तो नकाशा बदलला.

सोपेपणासाठी जमीन वाकवायला माझी हरकत नाही, पण किती वाकवायची? तुम्ही हसाल, पण मुंबईचा सगळा प्रश्न लोअर परळ आणि करी रोड यांच्यात आहे. एक पश्चिम रेल्वेवर, एक मध्यवर. स्कीमॅटिक नकाशावर दोन वेगळ्या रेघांवरचे दोन ठिपके, मध्ये पांढरी जागा. नवखा माणूस बोरिवलीहून करी रोडला जायचं तर दादरला उतरून पूल चढतो, गर्दीत दुसरी गाडी पकडतो. माहीतगार लोअर परळला उतरून दहा मिनिटांत चालत पोचतो. परळ आणि प्रभादेवी तर खांद्याला खांदा लावून उभी आहेत. माटुंगा आणि माटुंगा रोड, तेच. ही पांढरी जागा रोज हजारो माणसांना दादरच्या पुलावर ढकलते.

मी हे भावनेच्या भरात बोलत नाही. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या झान ग्वो यांचा २०११चा अभ्यास आहे, लंडनच्या प्रवाशांवर. मार्ग निवडताना नकाशावर दिसणाऱ्या अंतराचा प्रभाव प्रत्यक्ष प्रवासाच्या वेळेच्या जवळजवळ दुप्पट निघाला. म्हणजे माणूस मार्ग निवडतो तो कागदावरच्या लांबीकडे बघून, घड्याळ मागे पडतं. तेव्हा नकाशा काढणारा शहराची गर्दी इकडची तिकडे करत असतो, त्याला कळो न कळो.

आता माझी तक्रार. एका उपनगरी स्थानकाबाहेर मोठा फलक आहे. कोणी लावला त्याचं नाव घेत नाही. त्यावर मेट्रोची एक मार्गिका तुटक रेघेने, शेजारी 'प्रस्तावित'. आणि डोक्यावरून त्याच मार्गिकेची गाडी धडधडत जातेय! फलकासमोर एक आजी, हातात दवाखान्याची फाइल. मला विचारतात, "बाळा, ही कधी सुरू होणार रे?" मी वर बोट केलं. त्यांचा विश्वास बसेना, छापलेलं खोटं कसं असेल? त्यांना वर स्टेशनात सोडून आलो आणि मग एका कार्यालयात गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नकाशा करून घ्यायचा म्हणजे निविदा, मग डिझायनर, मग तपासणी, मग छपाई. तोवर मार्ग पुन्हा बदलतो. एकदा लावला की हात लावायची कुणाची तयारी नसते." मला त्यांचा राग आला नाही. प्रामाणिक उत्तर होतं आणि बरोबरही होतं. हाताने काढलेला नकाशा या शहराच्या वेगाला पुरत नाही. २०२२पासून मेट्रोच्या दोन अ आणि सात या मार्गिका टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या, २०२४च्या ऑक्टोबरात आरे ते बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, ही भुयारी मेट्रो, २०२५च्या मेमध्ये ती अत्रे चौकापर्यंत, ऑक्टोबरात कफ परेडपर्यंत. मध्येच सप्टेंबरात एल्फिन्स्टनचा पूल पाडायला बंद झाला आणि त्यावरच्या बस दुसरीकडून वळल्या. आयआयटी मुंबईच्या डिझाइनच्या मंडळींनी रेल्वेचा फार सुरेख नकाशा केला होता, मला तो आजही आवडतो. पण बेकसारखा पंचवीस वर्षं नकाशाला वाहून घेणारा माणूस प्रत्येक थांब्यासाठी कुठून आणणार?

बसचं तर आणखी अवघड. १५ जुलै १९२६ला मुंबईत पहिली बस धावली, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. एक मार्ग, नकाशा कशाला हवा? आज थांब्यावर नुसते आकडे असतात. आकड्यावरून बस ओळखतो तो मुळात माहीतगार. नवख्याला हवा असतो त्या थांब्याचा नकाशा. मधोमध आपण, आजूबाजूच्या चार गल्ल्या खऱ्या मापाने, आणि तिथून निघणाऱ्या बसच्या रेघा बाहेरच्या बाजूला, सोप्या करून. लंडनच्या बसथांब्यांवर असे नकाशे लागले, कोळ्यासारखे दिसतात म्हणून त्यांना 'स्पायडर मॅप' म्हणतात.

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. आणि मुख्य विषय आत्ता सुरू होतोय, तेव्हा भरभर सांगतो.

संगणक हे करू शकतो का? करू शकतो. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात सिल्व्हानिया आव्हेलार यांनी २००२ सालीच मागणीनुसार स्कीमॅटिक नकाशा काढून देण्यावर प्रबंध लिहिला. पुढे जर्मनीत नोलेनबुर्ग आणि वोल्फ या संगणकशास्त्रज्ञांनी बेकची नजर नियमांत लिहून काढली. काही नियम मोडायचेच नाहीत: रेघ आठच दिशांना जाईल, स्थानकाभोवती रेघांचा क्रम बदलणार नाही, दोन स्थानकांत किमान अंतर राहील. काही नियम शक्यतो पाळायचे: वळणं कमी, एकूण लांबी कमी, आणि जे प्रत्यक्षात उत्तरेला आहे ते कागदावरही साधारण उत्तरेला. पन्नासाव्या रस्त्याची चूक होऊ नये म्हणून हा शेवटचा. प्रश्न गणिती अर्थाने अतिशय कठीण आहे. स्थानकं वाढली की शक्यता इतक्या फुगतात की सगळ्या तपासणं अशक्य. पण फ्रायबुर्ग विद्यापीठात हाना बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागदावर आठ दिशांची जाळी आखून, तिच्यातून एकेक रेघ सगळ्यात कमी खर्चाच्या, म्हणजे कमी वळणांच्या आणि कमी लांबीच्या, वाटेने नेण्याची युक्ती काढली. चांगला नकाशा सेकंदांत मिळतो. मार्ग बदलला, पुन्हा काढा. रात्री बदल, सकाळी नवा कागद.

त्याला खाद्य काय लागतं? वेळापत्रकाची माहिती ठरलेल्या रूपात. जीटीएफएस म्हणतात, २००५च्या सुमारास पोर्टलंडची वाहतूक संस्था आणि गूगल यांनी मिळून सुरू केलं. साध्या मजकूर फायली: थांबे, मार्ग, फेऱ्या, वेळा. आणि एक ऐच्छिक फाइल असते, कुठून कुठे चालत बदलता येतं याची. आपलं सगळं अडतं ते इथे. लोअर परळ ते करी रोड संगणकाला कोण सांगणार? नावावरून जोडायला गेला तर फसेल. दोन अ वरचं 'अंधेरी पश्चिम' हे अंधेरी रेल्वे स्टेशनाजवळ नाहीच. ते डी. एन. नगरला लागून आहे, मेट्रो एकवर अंधेरीपासून दोन स्टेशनं पुढे. उलट गुंदवली आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग, नावं पूर्ण वेगळी, पण पुलाने जोडलेली. हे ज्ञान या सभागृहात बसलंय, कुठल्याही फायलीत नाही.

दुसरं, अक्षरं. ही तंत्रं रोमन लिपीत घडली. नाव बसवताना संगणक चौकट मोजतो. आपल्याकडे वर वेलांटी, खाली उकार, ओळीला उंची जास्त लागते. 'छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस' लांबीला एवढं, की तिरकं लिहिलं तर शेजारची रेघ कापतं. तेव्हा मराठी नकाशा पहिल्यापासून मराठी नावं धरून काढायचा. इंग्रजी काढून त्यावर मराठी चिकटवलं की बारीक टाइपात अक्षरं चिरडतात आणि वाचायला चष्मा पुरत नाही.

डिझायनर नको असं मी अजिबात म्हणत नाही. नियम, रंग, अक्षर त्यानेच ठरवायचं, पूर्व-पश्चिम कसं दाखवायचं तेही. हजारो थांब्यांवर ते उतरवायचं काम यंत्राचं. आणि माहिती सर्वांना खुली असली पाहिजे, हे त्या त्या संस्थांकडे आपण सगळ्यांनी मागायचं, लेखी.

वेळ संपली. बाहेर पडताना टेबलावर वही ठेवली आहे. तुम्ही कुठल्या दोन स्टेशनांमध्ये किंवा थांब्यांमध्ये चालत बदलता ते लिहा. किती मिनिटं लागतात, जिना आहे का, लिफ्ट चालू असते का, पावसाळ्यात ती वाट पाण्याखाली जाते का. स्वतःचं नाव लिहू नका, वाटेचं लिहा. मी आणि माझे मित्र ती वाट पायी तपासून ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांना खुल्या नकाशावर घालू, तिथून ती कुणालाही घेता येते. पेन दोनच आहेत, तेवढी परत ठेवा.